ताडोबाला जाताय आणि झूम कॅमेरा घ्यायचाय? मग दुकानात जायच्या आधी हे वाचा

ताडोबाचं बुकिंग झालं की आठवड्याभरात मला कुणाचातरी फोन येतोच. आधी मावसभावाचा आला, मग ऑफिसमधल्या एकाचा, परवा तर बायकोच्या आत्याने केला की अरे आम्ही मोहर्ली गेटचं केलंय, तिथे म्हणे मोबाइल नेऊ देत नाहीत, मग फोटो कशाने काढायचे, एखादा स्वस्तातला झूमवाला कॅमेरा सांग ना. खरंय ते. कोअरमध्ये, म्हणजे जंगलाच्या आतल्या मुख्य भागात, मोबाइल चालत नाही, त्यामुळे ज्यांनी जन्मात मोबाइलशिवाय दुसरा कॅमेरा धरलेला नाही त्यांनाही अचानक कॅमेऱ्याची गरज पडते. प्रत्येकाला तेच तेच सांगून तोंड दुखायला लागलं म्हणून एकदाचं सगळं लिहून काढतोय. मी प्रोफेशनल वगैरे अजिबात नाही, पुण्यात नोकरी करतो, वर्षातून एखाद वेळा विदर्भात जातो, आणि कॅमेऱ्याच्या बाबतीत करण्यासारख्या बहुतेक चुका करून झाल्यात.

सगळ्यात मोठी चूक आधी सांगतो म्हणजे बाकीचं पटेल. पहिल्या ट्रिपला मी सेकंडहँड निकॉन पी९०० घेऊन गेलो होतो, ८३ एक्स झूम, २००० एमएम (हा आकडा जेवढा मोठा तेवढं लांबचं जवळ दिसतं), चंद्रावरचे खड्डे दिसतात वगैरे ऐकून घेतलेला. सकाळची वेळ, चितळाचे कॉल (वाघ जवळ असल्याची ओरड) चालू, ड्रायव्हरने जिप्सी थांबवली आणि गाइड म्हणाला, "थांबा ना साहेब, येते तो, इथंच निंगते बरोब्बर." मी समोरच्या लांबच्या बांबूवर फुल झूम लावून बसलो. आणि वाघ निघाला डावीकडून, जिप्सीपासून पंधरा-वीस फुटांवर. मी कॅमेरा तिकडे वळवला तर व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावून बघायच्या खिडकीत) नुसता केशरी रंग, काय दिसतंय तेच कळेना, झूम मागे घ्यायला लागलो तर मोटर आपली घर्रर्र करत निवांत चाललीये, आणि ती जागेवर येईपर्यंत साहेब रस्ता ओलांडून पलीकडे. माझ्याकडे त्या वाघाचे अकरा फोटो आहेत. नऊ नुसतेच केशरी, एकात कान, एकात शेपूट. गंमत म्हणजे त्या कॅमेऱ्याच्या लेन्सच्या बाजूला नेमकं याचसाठी एक बटण असतं, दाबून धरलं की झूम झटकन मागे येतो आणि सोडलं की परत होता तिथे. हे मला चार महिन्यांनी कळलं.

तर आता ओळीने सांगतो.

पहिलं काम: घरातलं कपाट उघडा

गंमत नाही करत. दहा-बारा वर्षांपूर्वी लग्नात, पहिल्या बाळाच्या वेळेला किंवा फॉरेन टूरच्या आधी घेतलेला डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा) निम्म्या घरांमध्ये बॅगेत पडलेला असतो. तुमच्याकडे नसेल तर दादाकडे असेल, आत्तेबहिणीकडे असेल. तो मिळाला तर नवा कॅमेरा घ्यायची गरजच नाही, फक्त एक लांबची लेन्स बघा.

कॅननची बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, असेल तर ५५-२५० आयएस एसटीएम ही लेन्स सेकंडहँडमध्ये शोधा, वजन पावणेचारशे ग्रॅमच्या आसपास, आणि छोट्या सेन्सरच्या (सेन्सर म्हणजे आतली फोटो टिपणारी चकती) बॉडीवर ती साधारण ४०० एमएमचं काम करते. पण कपाटातल्या बॅगेत बऱ्याचदा ७५-३०० लेन्स निघते, जी पूर्वी डबल किटमध्ये मिळायची. तिच्यात हात हलण्यावर उपाय नाही, म्हणजे आयएस नाही. आकडा ३०० बघून खूश होऊ नका, २५० वालीच बरी.

निकॉनवाल्यांना ७०-३०० एएफ-पी. इथे एक खाच आहे, सारख्या दिसणाऱ्या दोन लेन्स आहेत, एकीवर व्हीआर (निकॉनचं आयएस) लिहिलेलं असतं, दुसरीवर नसतं, आणि स्वस्तात जी समोर येते ती बहुतेक वेळा बिनव्हीआरची. घेताना लेन्सवरची अक्षरं स्वतः वाचा. शिवाय एएफ-पी जुन्या निकॉन बॉड्यांवर नीट चालत नाही, त्यामुळे आपली बॉडी सोबत घेऊन जा आणि लावून बघूनच पैसे द्या.

कपाटात काहीच नाही निघालं तर पुढे.

दुसरं: नक्की काय बघायला जाताय?

हा प्रश्न विचारला की लोक माझ्याकडे असं बघतात की हा काय प्रश्न झाला, वाघ! ठीक आहे, मग वाघाचं गणित करू. सोपं आहे, शाळेतलं. समोरचं अंतर मीटरमध्ये घ्या, त्याला ३६ ने गुणा आणि लेन्सच्या एमएमने भागा, जे येईल तेवढे मीटर रुंद दृश्य तुमच्या फोटोत मावेल. (इथे एमएम म्हणजे ३५ एमएमच्या हिशोबातले, जे झूम कॅमेऱ्याच्या खोक्यावर छापलेले असतात ते.)

वाघ ५० मीटरवर आहे आणि तुमच्याकडे ६०० एमएम आहे. ५० गुणिले ३६ म्हणजे १८००, भागिले ६००, आले ३ मीटर. वाघ शेपूट सोडून पावणेदोन-दोन मीटरचा, म्हणजे फोटोत अर्ध्यापेक्षा जास्त वाघच वाघ. आता हेच २००० एमएमने करा, ९० सेंटिमीटर. म्हणजे वाघ मावतच नाही, फक्त तोंड येईल. आणि जिप्सीतून वाघ दिसतो तेव्हा बऱ्याच वेळा तो रस्त्यावर किंवा पाणवठ्यावर असतो, ५० मीटरपेक्षा जवळच.

आता नीलपंख घ्या, विजेच्या तारेवर किंवा सुक्या फांदीवर बसलेला. जेमतेम सव्वीस-सत्तावीस सेंटिमीटरचा पक्षी, २५ मीटरवर. ४०० एमएमला फोटोत सव्वादोन मीटर रुंद दृश्य येतं, त्यात नीलपंख म्हणजे निळा ठिपका. २००० एमएमला ४५ सेंटिमीटर, म्हणजे पिसं मोजता येतील.

माझं सगळं सांगणं एवढ्यातच आलं बघा. वाघाला झूम लागत नाही, उजेड लागतो. झूम लागतो तो पक्ष्यांना. दुकानदार तुम्हाला वाघाच्या नावाखाली पक्ष्यांचा कॅमेरा विकतो, आणि आपणही आनंदाने घेतो. गवा, सांबर, अस्वल, रानकुत्रे ही सगळी मंडळी वाघाच्याच खात्यात धरा, ४०० ते ६०० एमएममध्ये आरामात काम होतं. तळ्याच्या पलीकडच्या काठावर पडलेली मगर, झाडाच्या शेंड्यावरचा सर्पगरुड, यांना १२०० च्या पुढे गेलेलं बरं.

तिसरं: ते 'एक्स' विसरा

५० एक्स, ६० एक्स, ८३ एक्स. लोक हे बाइकच्या सीसीसारखं धरतात, जास्त म्हणजे भारी. एक्स म्हणजे फक्त लेन्सचा सगळ्यात मोठा आकडा भागिले सगळ्यात छोटा आकडा. सोनीचा एचएक्स४००व्ही २४ एमएमपासून सुरू होतो आणि ५० एक्स, म्हणजे १२०० ला संपतो. पॅनासॉनिकचा एफझेड८० (याचंच दुसरं नाव एफझेड८२) २० एमएमपासून सुरू होतो आणि ६० एक्स, म्हणजे संपतो तोही १२०० लाच! लांबचं दोघांनाही सारखंच दिसतं, फक्त पॅनासॉनिकमध्ये जवळचं दृश्य जास्त रुंद मावतं. त्यामुळे दुकानात गेल्यावर एकच विचारायचं, कुठून कुठपर्यंत एमएम?

आणि खोक्यावर 'डिजिटल झूम' किंवा त्याच्यासारखंच काहीतरी मोठ्या अक्षरात लिहिलेलं असेल तर तिकडे बघायचंच नाही. तो झूम नाही, तो फोटो ताणणं आहे, घरी कॉम्प्युटरवर फुकट करता येतं. कॅमेरा घरी आणला की मेन्यूत जाऊन पहिल्यांदा हे बंद करा, नाहीतर जंगलात घाईघाईत झूमचा खटका दाबून धरला की ऑप्टिकल, म्हणजे लेन्सचा खरा झूम, कधी संपला आणि डिजिटल कधी सुरू झाला ते कळत नाही.

चौथं: उजेडाचा हिशोब, जो कुणी सांगत नाही

इथे जरा वेळ द्या कारण पैसे इथेच वाचतात किंवा बुडतात.

सफारी कधी असते? सकाळी उजाडताना गेट उघडतं आणि दुपारची सफारी सूर्य मावळायच्या सुमाराला संपते. प्राणी हलतात ते नेमके याच दोन टोकांना, आणि ताडोबात साग-बांबूचं जंगल, सावली दाट, त्यामुळे घड्याळात सकाळ झालेली असली तरी कॅमेऱ्यासाठी अजून अंधारच असतो. अशा वेळी दोन गोष्टी कामाला येतात, सेन्सर किती मोठा आणि लेन्स किती उघडते.

स्वस्त झूम कॅमेऱ्यांचा सेन्सर १/२.३ इंच असतो. ऐकायला इंचात आहे पण प्रत्यक्षात रुंदी साधारण ६.२ मिलिमीटर, हरभऱ्याच्या डाळीएवढा समजा. त्याच्या वरचा १ इंच सेन्सर म्हणजे १३.२ बाय ८.८ मिलिमीटर, करंगळीच्या नखाएवढा, क्षेत्रफळात पहिल्याच्या चौपट. डीएसएलआरचा त्याच्याही तिप्पट. हल्लीच्या बऱ्याच मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर त्या डाळीपेक्षा मोठा असतो, म्हणूनच लोक नवा कॅमेरा घेऊन घरच्या घरी ट्यूबलाइटमध्ये फोटो काढतात आणि म्हणतात शी, यापेक्षा मोबाइलच बरा. बरोबरच आहे त्यांचं. घरात मोबाइलच बरा. हा कॅमेरा त्यासाठी नाहीच.

दुसरं, लेन्सवर २.८-६.५ असे आकडे असतात. पहिला आकडा झूम न करता, दुसरा फुल झूमला. आकडा जेवढा मोठा तेवढा उजेड कमी. २.८ वरून ६.५ वर गेलात की उजेड पाच पटीहून जास्त घटतो. तो भरून काढायला कॅमेरा आयएसओ (सेन्सर उजेडाला किती तिखट आहे तो आकडा) वाढवतो, मग फोटोत रवा सांडल्यासारखे दाणे येतात, नाहीतर शटर हळू करतो, म्हणजे उजेड जास्त वेळ आत घेतो, मग फोटो हलतो. पी९००, पी९५० दोन्हीचं हे असंच आहे, २.८ ते ६.५. पी१००० तर फुल झूमला ८. दुपारी तीनच्या उन्हात काही वाटत नाही पण सकाळी साडेसहाला रडवतात.

पाचवं: मग घ्यायचा कोणता

भाव महिन्या-महिन्याला हलतात आणि यातले बरेच कॅमेरे आता सेकंडहँडच गाठावे लागतात, म्हणून मी आकडे टाकत नाही, तुम्ही बघून घ्या. स्वभाव सांगतो.

निकॉन पी९५०, २०२० सालचा. पक्षी-पक्षी करणाऱ्यांसाठी मला सगळ्यात पटणारा. २४ ते २००० एमएम, रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला कच्चा फोटो, घरी सुधारायला सोपा) मिळते, ४के व्हिडिओ, डायलवर पक्ष्याचं चित्र असलेला एक मोडच आहे. वजन किलोभर. त्याच्या आधीचा पी९००, २०१५ चा, लेन्सचा पल्ला तोच पण रॉ नाही, व्हिडिओ फुल एचडी, आणि सलग फोटो काढायला गेलं की सेकंदाला ७ वेगाने ७ फोटो घेतो आणि मग ते कार्डावर लिहून होईपर्यंत मख्खासारखा बसतो. वाघ रस्ता ओलांडत असताना ते सात कधी वापरायचे हे ठरवणं म्हणजे शेवटच्या ओव्हरमधला रिव्ह्यू. तरी जुना, चांगल्या अवस्थेतला, कमी पैशात मिळाला तर नाही म्हणू नका.

पी१०००, १२५ एक्स, ३००० एमएम. वजन १४१५ ग्रॅम. माझं मत स्पष्ट आहे, सफारीसाठी नको. जिप्सीत तो हातात धरून ३००० एमएमला प्राणी चौकटीत ठेवणं म्हणजे काठीच्या टोकाने दिवा लावणं. आणि उन्हाळ्यात चंद्रपूरकडे पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा तापलेल्या जमिनीवरून हवा अशी लवलवते की लांबच्या फोटोत सगळं पाण्याखाली असल्यासारखं येतं, तिथे कितीही भारी लेन्स लावा. चंद्राचे फोटो काढायचे असतील तर घ्या.

कॅननचा एसएक्स७० एचएस, २०१८ चा, २१ ते १३६५ एमएम. हा मी आत्याला सांगितला. कारण वजन सहाशे ग्रॅमच्या आसपास, हातात छान बसतो, मेन्यू साधा, सेकंदाला १० फोटो. उजेड कमी झाला की तोही हात टेकतो, पण आत्याला पक्षी आणि नातवंडं दोन्ही काढायचेत.

बजेट थोडं ताणता येत असेल आणि वाघ-बिबटे हेच मुख्य असेल तर १ इंच सेन्सरवाले बघा, तेही जुने. पॅनासॉनिक एफझेड१०००, २०१४ चा, २५ ते ४०० एमएम, लेन्सचे उजेडाचे आकडे २.८-४. दुकानदार म्हणेल अहो हा फक्त १६ एक्स आहे. म्हणू दे. वरचं गणित आठवा, २५ मीटरवर ४०० एमएम म्हणजे सव्वादोन मीटर, वाघ बरोब्बर बसतो, आणि फुल झूमलाही ४ वरच राहत असल्याने पी९०० च्या अडीच पटीपेक्षा जास्त उजेड आत येतो, सेन्सरचा फायदा वेगळाच. सोनीचा आरएक्स१० मार्क ४ हा या घराण्यातला थोरला, २४ ते ६००, २.४-४, सेकंदाला २४ फोटो. स्वप्न म्हणून ठीक आहे, परवडणारा या शब्दात तो बसत नाही, पण मार्क ३ कुणी विकत असेल तर कान टवकारा, लेन्स तीच आहे.

एक अजून, पॅनासॉनिक एफझेड३००. सेन्सर डाळीएवढाच पण २५ ते ६०० एमएम अख्ख्या पल्ल्यात २.८, आणि धूळ-पाण्याच्या शिंतोड्यांपासून बचाव. उन्हाळ्यात जिप्सी पुढच्या जिप्सीच्या मागे धावते तेव्हा काय धूळ खावी लागते ते ज्यांनी खाल्लीये त्यांना याची किंमत कळेल.

आणि व्ह्यूफाइंडर नसलेला, फक्त मागे स्क्रीन असलेला झूम कॅमेरा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. निकॉन बी५०० असाच आहे. उन्हात स्क्रीनवर आपलंच तोंड दिसतं, आणि हात लांब करून ४० एक्सला कॅमेरा स्थिर ठेवणं कुणाच्या बापाला जमत नाही. डोळ्याला लावला की कपाळ, गाल आणि दोन कोपरं मिळून चांगला आधार होतो.

सहावं: दुकानात किंवा विकणाऱ्याच्या घरी

नवा असेल तर पक्कं बिल आणि भारतातली वॉरंटी, बिनबिलाचा दोन-चार हजार स्वस्त माल नको.

सेकंडहँड असेल तर जरा हट्टीपणा करा. या कॅमेऱ्यांची लेन्स काढता येत नाही, आणि झूम मागेपुढे होताना ती सायकलच्या पंपासारखी हवा आत ओढते, हवेबरोबर धूळ. एकदा धूळ सेन्सरवर बसली की कॅमेरा खोलल्याशिवाय निघत नाही. मी एक घेतला होता, विकणारा म्हणाला, "एकदम मिंट कंडिशन, साहेब, लेडीज युज." मी दुकानातच दोन फोटो काढून घरी आणला. भिगवणला आकाशात उडणाऱ्या रोहितांचे (फ्लेमिंगोंचे) फोटो काढले तर प्रत्येक फोटोत उजव्या कोपऱ्यात एक काळा ठिपका, सगळ्या थव्याबरोबर जणू एक माशी. परत द्यायला गेलो तर तो फोनच उचलेना.

म्हणून फुल झूम करून पांढऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आकाशाचा फोटो काढा आणि तिथल्या तिथे मोठा करून चारी कोपरे तपासा. लेन्समध्ये टॉर्च मारून तिरकं बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ते फंगस, म्हणजे बुरशी, निघा तिथून. आपल्या कोकणात, मुंबईत, गोव्यात पावसाळा काढलेल्या कॅमेऱ्यात हे हमखास असतं. झूम दहा वेळा पूर्ण आतबाहेर करा, आवाज एकसारखा यायला हवा, मध्येच अडखळला किंवा वाळू दळल्यासारखा आला तर नको. जुन्या मॉडेलची बॅटरी अजून बाजारात मिळते का तेही आधीच शोधून ठेवा.

आणि एक टेस्ट जी मी नवा-जुना दोन्हीला करतो. कॅमेरा बंद करा, रस्त्यावरून जाणाऱ्या एखाद्या स्कूटरवाल्याकडे बघा, आता चालू करा, झूम करा, फोटो काढा. किती वेळ लागला? स्कूटर गेली? मग वाघपण जाईल.

घ्यायची घाई नसेल तर सगळ्यात शहाणपणाचा मार्ग भाड्याने आणायचा. पुण्या-मुंबईत, नागपुरात कॅमेरे भाड्याने देणारे आहेत, आयडी आणि डिपॉझिट मागतात. वर्षातून चार दिवस जाणाऱ्या माणसाने कॅमेरा विकत घ्यावा का, हा प्रश्न बायकोने विचारायच्या आधी स्वतःला विचारलेला बरा. फक्त सफारीच्या आदल्या दिवशी हातात येईल असं करू नका, दोन दिवस आधी आणा.

सातवं: सोबत काय

एक जास्तीची बॅटरी लागतेच. पी९५० एका चार्जवर अंदाजे २९० फोटो म्हणतो, पी१००० तर २५०, आणि झूम सारखा आतबाहेर केला की त्याहून कमी. कार्डं दोन ठेवा, एकच मोठं नको.

ट्रायपॉड नेऊ नका, जिप्सीत तो कुणाच्यातरी पायात येतो. त्याऐवजी जुन्या जीन्सचा एक पाय कापा, एक तोंड शिवा, दीड-दोन किलो मूग नाहीतर तांदूळ भरा, दुसरं तोंड शिवा. झाली बीन बॅग. जिप्सीच्या दांड्यावर ठेवायची आणि त्यावर लेन्स टेकवायची. ट्रिप संपल्यावर आमच्याकडे त्या मुगाची उसळ होते, फोटोग्राफीत वसूल झालेला एवढाच काय तो खर्च. कॅमेरा गुंडाळायला एक मऊ सुती पंचा. काही ठिकाणी कॅमेऱ्याची वेगळी फी असते, ती बुकिंग करतानाच बघून घ्या.

आठवं: सराव

१ जुलै ते ३० सप्टेंबर ताडोबाचा कोअर बंद असतो. कॅमेरा त्याच दिवसांत घ्या, म्हणजे सरावाला वेळ मिळेल. सोसायटीतली कबुतरं बसलेली काढा, मग उडणारी. मग गल्लीतली कुत्री पळताना. पक्षी डोळ्याने बघायचा, मग नजर न हलवता कॅमेरा डोळ्याला लावायचा, झूम न करता तो सापडला की मग हळूहळू झूम. फुल झूम लावून आकाशात शोधत बसलात तर अख्खा पक्षी स्थलांतर करून जाईल. आणि ते झटकन झूम मागे घ्यायचं बटण, निकॉनला लेन्सच्या डाव्या बाजूला असतं, कॅननच्या एसएक्सलाही तसंच काहीसं आहे, ते अंधारात बोटाला सापडेपर्यंत दाबत बसा. टीव्ही बघता बघता होतं हे.

सेटिंगचं थोडक्यात. डायल एस वर ठेवा, म्हणजे शटरचा वेग तुम्ही ठरवायचा, कॅननला तेच टीव्ही लिहिलेलं असतं (बातम्या लागत नाहीत त्यावर, काळजी नसावी). बसलेल्या प्राण्याला शटर १/२५० सेकंद, चालत्याला १/५००, पळत्याला १/१०००. आयएसओ ऑटो पण डाळीएवढ्या सेन्सरला वरची मर्यादा १६०० घाला. पहाटे फोटो काळे यायला लागले तर शटर १/१२५ ला आणा आणि मुख्य म्हणजे झूम थोडा मागे घ्या, लेन्स जास्त उघडते. फोकसचा चौकोन मधला आणि छोटा, नाहीतर कॅमेरा वाघ सोडून पुढच्या बांबूच्या काडीवर फोकस करतो, माझ्याकडे त्या काडीचे अप्रतिम फोटो आहेत. फ्लॅश बंद, फोकसचा लाल-केशरी दिवा बंद, टिक टिक आवाज बंद.

प्रत्यक्ष जंगलात

गाडी थांबली की ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगा, ते सुरू असलं की २००० एमएमला सगळं थरथरतं. तरीही गाडी हलतेच, कारण सहाच्या सहा जण एकदम उभे राहतात आणि जिप्सीच्या स्प्रिंगा झोपाळ्यासारख्या डोलतात. आधीच ठरवून घ्या, ज्याला फोटो काढायचाय त्याने बसून दांड्यावरून काढायचा, बाकीच्यांनी हलायचं नाही. अनोळखी लोक गाडीत असतील तर एक लाडूचा डबा फिरवून ठेवा, मग ऐकतात.

झूम नेहमी मध्यावर ठेवून बसा, चारशेच्या आसपास. तिथून पुढेही जाता येतं, मागेही. पहिले पाच-सात फोटो आहेत तसे काढा, मग सेटिंगशी खेळा. वाघ पाण्यात बसला आणि हलतच नाही असं झालं तर व्हिडिओ घ्या, अर्धा मिनिट तरी हात न हलवता, या कॅमेऱ्यांचा व्हिडिओ फोटोपेक्षा बरा दिसतो कित्येकदा. फक्त बोलू नका, माझ्या एका व्हिडिओत वाघीण बछड्यांना घेऊन पाण्यावर आलीये आणि मागून स्पष्ट आवाज येतोय, "अहो, मठरी देऊ का?"

गेटबाहेर आल्यावर कॅमेरा लगेच बंद करू नका, कारण बंद केला की बाहेर आलेली लेन्स तिच्यावरची धूळ घेऊन आत जाते. आधी लेन्सच्या नळीवर ब्लोअर (हवा मारायचा रबरी फुगा) मारा, नसेल तर पंच्याने हलक्या हाताने झटका, कोरड्या रंगाच्या ब्रशने सांध्यातली धूळ काढा, मग बंद करा. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकी उडते. आणि दुपारच्या सफारीसाठी बॅटरी आत्ताच चार्जिंगला लावा, जेवून झोप लागली की राहून जातं.